जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स बदलताय? भाव नंतर विचारा, आधी गाडीचं काम सांगा



दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. आपल्या बॅचमधल्या वणीकडच्या एका गाडीमालकाचा सकाळी फोन आला. गाडी २५१८, वय पंधराच्या आसपास, काम कोळशाचं. आदल्या रात्री करंजी-वणी रस्त्यावर गिअरबॉक्स बसला. आधी तिसरा गिअर निसटायचा, मग आवाज सुरू झाला, आणि शेवटी कुठलाच गिअर पडेना.

"सर, कबाडात गिअरबॉक्स भेटून रायला. पंचावन हजारात. मिस्त्री म्हणते आजच टाकून देतो. टाकून देऊ काय?"

मी तीन प्रश्न विचारले. हा गिअरबॉक्स कुठल्या गाडीचा आहे? तुझ्या गाडीतल्याशी त्याचे रेशो जुळतात का? आणि ही गाडी तू अजून किती दिवस ठेवणार आहेस?

तिन्ही प्रश्नांवर एकच उत्तर आलं, "ते नाही माहीत सर. पण भाव बरा आहे."

हा लेख या "पण भाव बरा आहे" वर आहे. व्हिडिओत मी गिअरबॉक्सचं हिशेबाचं गणित सांगितलं होतं, पण तिथे वेळ कमी पडला. इथे सविस्तर सांगतो, आणि माझं मतही स्पष्ट मांडतो. गिअरबॉक्स बसवणं मिस्त्रीचं काम आहे. कुठला बसवायचा हे ठरवणं मालकाचं काम आहे. आपल्याकडे हे दुसरं कामसुद्धा आपण मिस्त्रीवर आणि कबाडवाल्यावर सोडतो, आणि मग वर्षभर गाडीला शिव्या देतो.

यवतमाळात "ट्रक" म्हणजे एक धंदा नाही

आपल्याच जिल्ह्यात बघा. वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी या कोळसा खाणी. तिथल्या गाडीचं आयुष्य म्हणजे लोडिंगला रांग, कच्चा चढ, धूळ, पावसाळ्यात चिखल, मग घुग्गुस किंवा वरोऱ्याकडे थोडंसं अंतर, रिकामी परत, पुन्हा रांग. दिवसात किलोमीटर कमी, पण पहिला-दुसरा गिअर शेकडो वेळा.

दुसरी गाडी कापसाच्या गाठींची. जिनिंगमधून गाठी भरायच्या आणि पांढरकवडा, पाटणबोरी करत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेकडे सूतगिरण्यांना जायचं. एक गाठ साधारण १७० किलोची. ही गाडी एकदा टॉपला पडली की तासन् तास टॉपलाच चालते.

तिसरी गाडी राजूरचा चुना, मुकुटबनचं सिमेंट, गिट्टी, मुरूम अशी मिळेल ती भर घेणारी. त्यात टिपर असेल तर हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सवरच्या पीटीओवर चालतो. आणि चौथी पुसद-उमरखेडकडची, जिला घाट चुकत नाही.

या चारही गाड्यांच्या कागदावर "२५१८" लिहिलेलं असू शकतं. पण चौघींना एकच गिअरबॉक्स चांगला, असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला माल विकतोय, सल्ला देत नाहीये.

२५१८ म्हणजे काय तेही एकदा नीट समजून घ्या. २५ म्हणजे २५ टन एकूण वजन, गाडी आणि माल मिळून. १८ म्हणजे १८० च्या आसपास हॉर्सपॉवर. २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तीन एक्सलच्या गाडीला २५ ऐवजी २८.५ टन झाले, आणि नव्या गाड्या २८ च्या नावाने यायला लागल्या. आता रांगेत शेजारी २८ ची गाडी उभी असते आणि जुन्या २५ चा मालक म्हणतो, तो नेतो तर मी का नको? दादा, तुझ्या आरसीवर जे वजन आहे तेच तुझं. आणि तुझा गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन हे सगळं त्याच वजनासाठी बनलंय. जुन्या गाडीचे गिअरबॉक्स का बसतात याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

रेशो म्हणजे पुस्तकी गोष्ट नाही, खिशातली आहे

पुष्कळ मालकांना रेशो हा शब्द ऐकला की कंटाळा येतो. पाच मिनिटं द्या.

१०.००-२० चं टायर एका फेरीत साधारण ३.२ मीटर जातं. गाडी ताशी ६० ने चालली तर मिनिटाला १,००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ३१२ फेरे घेतं. आता क्राउन-पिनियनचा रेशो ६ धरा. चाकाच्या एका फेरीला जॉइंट सहा फेरे घेतो, म्हणजे १,८७२. तुमच्या गिअरबॉक्सचा टॉप डायरेक्ट असेल, म्हणजे एकास एक, तर इंजिनही १,८७२ वर फिरेल. पण टॉप ओव्हरड्राइव्ह असेल, समजा ०.८ चा, तर इंजिन १,५०० च्या आसपास फिरेल. गाडी तीच, वेग तोच, रस्ता तोच.

आता गाठीवाल्या गाडीत मूळ गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्हचा होता आणि कबाडातून डायरेक्ट टॉपचा आणून बसवला तर काय होईल? गाडी चालेल. मिस्त्री म्हणेल, बघा मस्त चालते. पण हैदराबादच्या पुढे जाऊन येईपर्यंत इंजिन दर मिनिटाला चौथाई फेरे जास्त घेत राहील. डिझेल लागेल, आवाज वाढेल, ड्रायव्हर वेग वाढवायला गेला की इंजिन ओरडेल. गिअरबॉक्सवर वाचवलेले पैसे पंपावर सांडले.

उलट बाजू कोळशाच्या गाडीची. तिला टॉपचं कौतुक नाही, तिला पहिला गिअर पाहिजे. मूळ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ९ चा होता आणि नवा आणलेला ७ चा निघाला, तर चढावर चाकाला मिळणारा जोर सुमारे २२ टक्के कमी झाला. मग ड्रायव्हर काय करतो? अर्धा क्लच दाबून, रेस देऊन गाडी उचलतो. महिन्या-दोन महिन्यात क्लच प्लेट जळते. मालक म्हणतो ड्रायव्हर खराब. ड्रायव्हर खराब नाही, खरेदी खराब होती.

"मग ७ चा काढून ९ चा टाकला तर जोर वाढेल ना?" वाढेल, जवळजवळ २९ टक्के. पण तो वाढलेला जोर हवेत जात नाही. तो जॉइंटच्या क्रॉसवर, क्राउनच्या दातांवर आणि एक्सलवर जातो. म्हणजे आज गिअरबॉक्स मजबूत केला आणि सहा महिन्यांनी डिफ्रेंशियल उघडून बसलो. जुन्या गाडीत एक भाग मोठा केला की कमजोरी पुढच्या भागावर सरकते.

रेशो मोजायला कॉम्प्युटर लागत नाही. गिअरबॉक्स खाली ठेवलेला असताना एकेक गिअर टाकायचा, पुढचा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि मागची फ्लँज एक फेरी घेईपर्यंत पुढचे फेरे मोजायचे. क्राउनचा रेशो मोजायचा असेल तर ड्राइव्ह एक्सलची दोन्ही बाजूंची चाकं उचलून बरोबर एक फेरी फिरवा आणि जॉइंटचे फेरे मोजा. एकच बाजू उचलली असेल तर ते चाक दोन फेरे फिरवा. खडूने एक खूण करा, झालं. दहा मिनिटांचं काम आहे. पन्नास हजारांच्या खरेदीपुढे दहा मिनिटं जड वाटत असतील तर मग पुढचं वाचू नका.

चार वाटा, आणि माझं मत

पहिली वाट: स्वतःचाच गिअरबॉक्स खोलून बांधून घेणे. माझी पहिली पसंती हीच, पण एका अटीवर. हाउसिंग फुटलेलं नसावं आणि मेन शाफ्ट-काउंटर शाफ्टच्या बेअरिंग बसायच्या जागा खाल्लेल्या नसाव्यात. असं असेल तर दात तुटलेले गिअर जोडीने बदला, सगळी बेअरिंग, सिंक्रो रिंग, सील नवे टाका. फायदा सरळ आहे: गाडी तीच, रेशो तेच, माउंटिंग तेच, जॉइंटची लांबी तीच. कुठेही जुगाड नाही. तोटा असा की गाडी जास्त दिवस उभी राहते आणि मिस्त्रीच्या प्रामाणिकपणावर सगळं अवलंबून. म्हणून खोलताना स्वतः उभं राहायचं आणि निघालेला प्रत्येक जुना भाग पोत्यात भरून घरी न्यायचा. अविश्वासाचा प्रश्नच नाही, हा हिशेब आहे.

दुसरी वाट: कंपनीकडून जुना देऊन तयार केलेला घेणे. टाटा मोटर्सची "प्रोलाइफ" नावाची योजना याच प्रकारची आहे. तुमचा जुना भाग जमा करायचा, कारखान्यात दुरुस्त केलेला वॉरंटीसह घ्यायचा. गाडी लवकर बाहेर पडते. पैसे पहिल्या वाटेपेक्षा जास्त लागतात. ज्याच्याकडे रोजचं बांधलेलं काम आहे आणि उभा दिवस परवडत नाही, त्याच्यासाठी ही वाट चांगली. पण एक विचारून घ्या: तुमचं जुनं हाउसिंग फुटलेलं असेल तर ते घेतात का, आणि घेतलं तर किती कापतात.

तिसरी वाट: कबाडातला. मी याच्या सरसकट विरोधात नाही. गाडी सहा-आठ महिन्यांत काढायचीच असेल, किंवा खिशात खरंच तेवढेच पैसे असतील आणि गाडी उभी राहिली तर घर बसेल, तर कबाडातला गिअरबॉक्स हा चुकीचा निर्णय नाही. पण तो तपासून, त्याच नंबरचा आणि बिलासह घ्या. बिल देत नसेल तर तो माल कुठून आला हे त्यालाच माहीत. उद्या पोलिसांनी विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय.

चौथी वाट: नवा कोरा, किंवा मोठा. सहा गिअर काढून नऊ गिअरचा टाकायची हौस आजकाल बरीच दिसते. टाटाच्या जी-७५०, जी-९५०, जी-११५० या नावांत आकडा वाढतो तशी टॉर्क झेलायची ताकद वाढते, म्हणून वाटतं मोठाच घ्यावा. माझं मत: एका जुन्या गाडीच्या मालकाने या वाटेला जाऊ नये. कारण गिअरबॉक्सबरोबर बेल हाउसिंग, क्लच, लिव्हरची जोडणी, क्रॉस मेंबर, जॉइंटची लांबी हे सगळं बदलत जातं. त्या काळच्या टाटांमध्ये ६९७ पण आहे आणि कमिन्स पण आहे, त्यामुळे "२५१८ चाच आहे" एवढ्याने पुढची बाजू जुळेलच असं नाही. बसवताना चासीला गॅस कटर किंवा वेल्डिंग लागणार असेल तर तिथेच थांबा. आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो, त्यामुळे त्याच प्रकारचा बदलला तर कागदाचा प्रश्न येत नाही. पण गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आणि आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेसला दरवर्षी जावं लागतं. आरटीओच्या अंगणात ते वेल्डिंग लपत नाही.

आता हिशेब: महिन्याला किती?

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या मिस्त्रीचे, तुमच्या बाजारचे आकडे टाका. पद्धत मात्र हीच ठेवा.

गाडी एक दिवस उभी राहिली की हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा आणि बुडालेली कमाई मिळून समजा ३,००० रुपये जातात. क्लच प्लेट, ऑइल, माउंटिंग, मजुरी असे बसवण्याचे १५,००० सगळीकडे धरू.

कबाडातला: ५५,००० अधिक १५,०००, तीन दिवस उभी म्हणजे ९,०००. एकूण ७९,०००. आठ महिने चालला असं धरलं तर महिन्याला ९,८७५.

स्वतःचा बांधलेला: ९५,००० अधिक १५,०००, नऊ दिवस उभी म्हणजे २७,०००. एकूण १,३७,०००. तीस महिने धरले तर महिन्याला सुमारे ४,५६७.

कंपनीचा बदली: १,४०,००० अधिक १५,०००, चार दिवस उभी म्हणजे १२,०००. एकूण १,६७,०००. छत्तीस महिने धरले तर महिन्याला सुमारे ४,६३९.

नवा कोरा: २,४०,००० अधिक १५,०००, चार दिवस उभी. एकूण २,६७,०००. साठ महिने धरले तर महिन्याला ४,४५०.

बघा, कागदावर नवा सगळ्यात स्वस्त दिसतो! आणि इथेच पुष्कळ जण फसतात. कारण गाडी साठ महिने तुमच्याकडे राहणार आहे का? ती दोन वर्षांत विकायची असेल तर नवा महिन्याला ११,१२५ ला पडला. गाडी घेणारा नव्या गिअरबॉक्सचे वेगळे पैसे देत नाही, तो मॉडेलचं वर्ष बघतो. त्याच दोन वर्षांसाठी कंपनीचा बदली ६,९५८ ला आणि स्वतःचा बांधलेला ५,७०८ ला पडतो. आणि गाडी आठच महिने ठेवायची असेल तर? बांधलेला महिन्याला १७,१२५, कबाडातला ९,८७५. मग कबाडातलाच बरोबर.

म्हणून माझा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता: ही गाडी तू अजून किती दिवस ठेवणार आहेस? या प्रश्नाचं उत्तर मिस्त्रीकडे नाही. ते तुमच्याकडे आहे, तुमच्या घरात आहे, मुलाच्या शिक्षणात आहे, पुढच्या गाडीच्या विचारात आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बॅचमध्ये दहापैकी आठ जणांना माहीत नसते. तुम्ही आयकर गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने भरत असाल, म्हणजे जुन्या कायद्यातलं कलम ४४एई, तर मोठ्या गाडीला दर टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरलं जातं. २५ टनाच्या गाडीला महिन्याला २५,०००. गाडी गिअरबॉक्ससाठी पंधरा दिवस उभी होती, दुरुस्तीला दीड लाख गेले, हे तिथे वेगळं वजा होत नाही. म्हणजे हा खर्च शंभर टक्के तुमच्या खिशातला. तरीही पक्कं बिल घ्या, जीएसटी भरून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के लागतो, त्यामुळे "बिल नको, स्वस्तात देतो" यातला फरकही आता पूर्वीइतका राहिला नाही. आणि बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसतं तोंडाचं बोलणं.

जुना का गेला, ते शोधल्याशिवाय नवा टाकू नका

गिअरबॉक्स एका रात्रीत जात नाही. तिसरा गिअर निसटत होता तेव्हा आपण काय केलं? ड्रायव्हरला सांगितलं, लिव्हर धरून चालव. सहा महिने तो एका हाताने लिव्हर आणि एका हाताने स्टिअरिंग धरून चालवत राहिला. पुसदच्या घाटात उतारावर भरलेली गाडी गिअरमधून निसटली तर पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही. हप्त्याचा हिशेब करताना त्या ड्रायव्हरचंही घर आहे हे विसरू नका.

नेहमीची कारणं पाच. मागचं सील गळतं आणि ऑइल कुणी बघत नाही. ऑइल चुकीचं पडतं: जिथे पुस्तकात जीएल-४ लिहिलंय तिथे "भारी आहे" म्हणून जीएल-५ टाकलं तर त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. क्षमतेपेक्षा जास्त भरतात. आणि पाचवं, जे आपल्याकडे फार होतं: बंद गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून दोर लावून ओढत आणतात. इंजिन बंद म्हणजे काउंटर शाफ्ट फिरत नाही, ऑइल वर उडत नाही, आणि मेन शाफ्ट मात्र चाकांमुळे फिरत राहतो. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्ससुद्धा कोरडा चालून जळू शकतो. ओढायची वेळ आलीच तर आधी जॉइंट खोला. चार बोल्टचं काम आहे.

घ्यायला जाल तेव्हा हे बघा. नंबरप्लेटवरचा नंबर तुमच्या गिअरबॉक्सशी जुळतो का. पुढच्या शाफ्टवरचे खाचे तुमच्या क्लच प्लेटमध्ये बसतात का, प्लेट सोबत घेऊन जा. मागची फ्लँज आणि तिचे बोल्ट जुळतात का. टिपर असेल तर पीटीओची खिडकी त्याच बाजूला आहे का. मीटरची जोडणी आहे का. ड्रेन प्लग खोलून बघा: चिकट काळा गाळ चालेल, पण लोखंडाचे दाणे निघाले तर हात जोडून परत या. आणि शेवटी, "पंधरा दिवसांत आवाज आला तर बदलून देईन" हे बिलावर लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

"सर, हे सगळं बरोबर, पण पैसे कुठून आणू?"

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो आणि तो खरा आहे. हिशेबात १,३७,००० लिहिणं सोपं, दिवाळीच्या नंतर ते उभे करणं अवघड. म्हणून मी कबाडातला घेणाऱ्याला नावं ठेवत नाही. पण एक सांगतो. १,३७,००० भागिले तीस महिने, महिन्याला ४,००० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे एक रुपया चौदा पैसे होतात. सव्वा रुपया म्हणा. ज्याने पहिल्या दिवसापासून किलोमीटरमागे सव्वा रुपया वेगळ्या खात्यात टाकला, त्याला त्या सकाळी कबाडवाल्याचा फोन नंबर शोधावा लागत नाही. त्याच्याकडे निवड असते. धंद्यात गरीब तो, ज्याच्याकडे निवड नसते.

आपल्या त्या वणीच्या भावाचं काय झालं? त्याने दुपारी कबाडातला गिअरबॉक्स जाऊन मोजला. पहिला गिअर त्याच्या गिअरबॉक्सपेक्षा बराच हलका निघाला. मग स्वतःचा खोलला. हाउसिंग शाबूत होतं, काउंटर शाफ्टवरचे दोन गिअर आणि बेअरिंग गेली होती. एक भाग नागपूरहून यायला उशीर झाला आणि गाडी नऊ नाही, अकरा दिवस उभी राहिली. एक फेरीचं काम हातचं गेलं. बायकोचा दागिना सोसायटीत ठेवावा लागला. हे मी लपवणार नाही, कारण बरोबर निर्णयाचीसुद्धा किंमत असते. आज ती गाडी चालतेय, दागिना परत आलाय, आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो.

तुमची गाडी आज उभी नसेल तर आजच दोन कामं करा. गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि मोबाईलमध्ये जपून ठेवा. आणि उद्याच्या फेरीपासून सव्वा रुपया बाजूला टाकायला सुरुवात करा. गाडी उभी राहील त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून डोकं आज चालवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी सांभाळा, ड्रायव्हरला सांभाळा.